ताईच्या फिल्मचा शेवट

चर्चच्या मंडळीत त्याला सगळे कात्री म्हणत. खरी कात्री त्यानं कामासाठी कधी हातात धरली नव्हती. घराच्या मागच्या खोलीत एक संगणक, एक जुनी फिरती खुर्ची आणि कानावर हेडफोन, एवढ्यावर त्याचं फिल्मचं संकलन चाले. पण बोलणाऱ्याचा खोकला, अडखळणं, नाक ओढणं, दर वाक्यामागचं 'म्हणजे काय झालं की', हे सगळं तो इतक्या सफाईनं उडवायचा की बोलणाऱ्यालाच वाटे, आपण एवढं छान कधी बोललो? एका बाईनं तर त्याला विचारलंही होतं, माझ्या नवऱ्याचं असं काही करून मिळेल का?

तो मंडळीसाठी साक्षपट करायचा. साक्षपट म्हणजे वीस मिनिटांची फिल्म. कुणी संकटात सापडलं, प्रार्थना केली, त्यातून सुटलं, ते त्याच्याच तोंडून सांगायचं. आणि फिल्म ख्रिस्ती कशानं होते, हे मंडळीच्या पाळकांनी एकदाचं ठरवून टाकलं होतं. देवाचं नाव पहिल्या दोन मिनिटांत आलं पाहिजे. शंका मध्ये आली तर चालेल, शेवटी उरता कामा नये. आणि मुख्य म्हणजे, मागितलेलं मिळालं पाहिजे. ज्यांना मागितलेलं मिळालं नव्हतं अशी माणसं मंडळीत काही कमी नव्हती, पण त्यांना कॅमेऱ्यापुढे बसवावं असं कुणाच्या डोक्यातही येत नसे. कात्रीच्याही नाही.

हे पाळक म्हणजे त्याच्या बायकोचे धाकटे भाऊ. आई लवकर गेली, तेव्हा बहिणीनंच त्यांना न्हाऊमाखू घालून वाढवलं. ज्यांच्या शब्दाबाहेर चारशे माणसं जात नसत, त्या पाळकसाहेबांना ती भर उपासनेनंतर 'अरे बारक्या!' म्हणून हाक मारी, आणि पाळकसाहेबही झगा सावरत मुकाट तिच्याकडे जात. मंडळीत लहानथोर सगळेच तिला ताई म्हणत.

सत्ताविसावी फिल्म ताईची होती. तिच्या पोटात गाठ निघाली होती. शस्त्रक्रिया झाली, सहा महिने औषधं झाली. मंडळीनं पाळ्या लावून रात्रंदिवस प्रार्थना केली, आणि रिपोर्ट स्वच्छ आला. त्याच आठवड्यात पाळक फिल्म करायला दारात हजर. ताई खुर्चीत बसून मनमोकळं बोलली. बोलता बोलता हसून म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, दोन वर्षं गेल्याशिवाय काही सांगता येत नाही. मला अजून भीती वाटते हो अधूनमधून." एवढं वाक्य कात्रीनं काढून टाकलं. त्याला तसं कुणी सांगितलं नव्हतं, हात सवयीनंच तिकडे गेला.

फिल्म अशी चालली की बोलायची सोय नाही. चाळीस मंडळ्यांनी ती मागून नेली. ती बघून लोक रडायचे, हसायचे, आजारी माणसांना मोबाइलवर पाठवायचे. सात महिन्यांनी ताईची गाठ परत आली, आणि फिल्म मात्र गावोगाव फिरतच राहिली.

पाळक म्हणाले, इतक्यात कुणाला सांगायला नको. कात्रीनं मान डोलावली. त्याला तर ते स्वतःलासुद्धा सांगायचं नव्हतं.

मग एका दुपारी तीनच्या सुमाराला दार वाजलं. ताई डोक्याला रुमाल बांधून बाहेरच्या खोलीत पडली होती, तिनंच उठून दार उघडलं. बाहेर चाळिशीच्या आतली एक बाई उभी होती, घामाघूम झालेली.

"फिल्ममधल्या ताई इथंच राहतात ना? आहेत का घरात?"

"मीच ती," ताई म्हणाली.

बाईनं तिच्याकडे नीट पाहिलं. गालाची हाडं, रुमाल, दाराला धरलेला हात. कात्री स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होता, तो तिथंच थबकला.

बाई आत येऊन खुर्चीच्या कडेवर टेकली आणि पाठ केल्यासारखं बोलू लागली. "माझी मुलगी नऊ वर्षांची होती. दवाखान्यात तिला तुमची फिल्म दाखवायचे मी. तिला फार आवडायची. तुम्ही जशी प्रार्थना केली म्हणून सांगितलंत ना, तशीच केली मी. शब्दसुद्धा बदलला नाही. ती गेली. दोन महिने झाले." ती थांबली. "माझं कुठं चुकलं, तेवढं विचारायला आले. मी काहीतरी कमी केलं असणार ना?"

चहा उतू गेला तरी कात्रीला गॅस बंद करायचं सुचलं नाही.

ताई उठली आणि त्या बाईच्या शेजारी जाऊन बसली. "तुमचं काही चुकलं नाही. माझ्याकडे बघा. माझं परत आलंय."

"तुम्हालापण?" बाई म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं. दोन महिने स्वतःला गुन्हेगार समजून बसलेल्या माणसाला कुणीतरी सोडून द्यावं, तसं ते रडणं होतं. दोघी हातात हात घेऊन अर्धा तास बसल्या. काय बोलल्या ते कात्रीला ऐकू आलं नाही. बाई गेली तेव्हा कुठं लक्षात आलं, नाव, गाव, काहीच विचारायचं राहिलं.

ती गेल्यावर ताई म्हणाली, "अहो, माझ्या फिल्मचा शेवट बदला. मी बसते कॅमेऱ्यापुढे. जे आहे ते सांगते."

संध्याकाळी पाळक आले. ऐकून घेतलं आणि डोकं धरून बसले. "ताई, मग ती साक्ष राहत नाही गं. लोक आशेनं येतात. ही फिल्म बघून ते काय घेऊन घरी जाणार?"

"बारक्या, धरला जायच्या आधी बागेत पालथा पडून कोण रडत होतं? येशूच ना? मरणाचा हा प्याला टळू दे, असं कुणी मागितलं होतं?"

"ते वेगळं."

"काय वेगळं? टळला का तो? त्याला मिळालं नाही ते चालतं, आणि मला मिळालं नाही की फिल्म ख्रिस्ती राहत नाही होय?"

"पण तिसऱ्या दिवशी तो उठला, ताई! आपण ते सांगायचं."

"सांग की. नको कोण म्हणतंय? पण शुक्रवारी क्रुसावर गेला, रविवारी उठला, मधे एक शनिवार होता ना रे? त्या दिवशी कुणालाच काही माहीत नव्हतं. आज आली होती ती बाई त्या शनिवारात बसलीय. तिच्याजवळ कुणी बसायचं की नाही?"

 पाळक उठले, दारापर्यंत गेले आणि तिकडे तोंड करूनच म्हणाले, "तू बरी होणार आहेस. मग शेवट कशाला बदलायचा?" चारशे लोकांना धीर देणारा तो आवाज आता एखाद्या पोराचा झाला होता.

"दाराशी उभा राहून रडू नकोस," ताई म्हणाली. "इथं येऊन रड."

पण ते गेले. मग तिनं कात्रीकडे पाहिलं. "त्याची परवानगी कशाला हवीय? कॅमेरा आपल्याच कपाटात आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चांगले कपडे घालून, ओठांना थोडा रंग लावून खिडकीपाशी बसली. कात्री म्हणाला, उजेड बरोबर नाही, दुपारी करू. दुपारी तिला झोप लागली. तिनं उठून विचारलं, तर म्हणे माइक खरखरतोय. चार दिवसांनी ती पुन्हा तयार होऊन बसली, तेव्हा बॅटरी चार्ज नव्हती. चालढकल करण्यात हा माणूस एवढा पटाईत असेल, हे पंचवीस वर्षांच्या संसारात तिला माहीत नव्हतं. तिसऱ्यांदा ती बसली, तेव्हा तो म्हणाला, "आज फार थकलेली दिसतेस. गुरुवारी नक्की."

ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "तुम्हाला वाटतंय, तुम्ही हे शूट केलंत की मी मरेन."

 त्याला अगदी तसंच वाटत होतं. जोवर फिल्म हसत संपत होती तोवर कुठंतरी ती खरी होती, आणि दुसरा शेवट स्वतःच्या हातानं जोडायला त्याचा हात उठत नव्हता. तिनं नाराज होऊन तोंड फिरवलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं फक्त त्याच्या हातावर थोपटलं, आणि ओठांचा रंग रुमालानं पुसून टाकला.

बुधवारी रात्री तिला श्वास घेता येईना. गुरुवारी ती दवाखान्यात होती, तोंडावर मास्क, छातीत पाणी. शुक्रवारी त्यानं कॅमेरा नेला. इतक्या उशिरा त्याला एकाएकी घाई झाली होती. खाटेच्या पायथ्याशी उभं राहून त्यानं कॅमेरा सुरू केला. तिनं डोळे उघडले, कॅमेरा पाहिला, तिला कळलं. मास्कच्या आत तिचे ओठ हलले. दोन मिनिटं ती काहीतरी सांगत होती. मग दमली आणि तिनं डोळे मिटले.

मंगळवारी दुपारी पावणेचार वाजता ती गेली.

पुढचे पंधरा दिवस कात्री हेडफोन लावून ती दोन मिनिटं ऐकत बसला. ऑक्सिजनची सूं सूं काढली, यंत्राची टिकटिक काढली, बाहेरच्या ट्रॉलीचा खडखडाट काढला. सगळं काढल्यावर खाली काहीच उरलं नाही. एक शब्द नाही. आयुष्यभर लोकांचं नको ते काढून टाकलं, आणि आता जे हवं होतं ते कशातूनच निघत नव्हतं. तो खुर्चीत बसून ढसाढसा रडला. घरात ऐकायला कुणी नव्हतं, त्यामुळे आवाज दाबायची गरजही नव्हती.

महिन्यानं पाळक आले. तेही खंगले होते. "दाजी, तिच्या आठवणीची सभा ठेवलीय. ताईची फिल्म लावू. लोकांना तिला हसताना बघू दे."

"लावू," कात्री म्हणाला.

सभेच्या आदल्या दिवशी त्यानं मागच्या खोलीत कॅमेरा लावला, समोर खुर्ची ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः कॅमेऱ्यापुढे जाऊन बसला.

सभेला सभागृह गच्च भरलं होतं. पडद्यावर ताई बोलली, हसली, रिपोर्ट स्वच्छ आला म्हणाली. लोकांनी रुमाल काढले. इथं गाणं सुरू होऊन फिल्म संपायची. त्याऐवजी पडद्यावर कात्री आला. अर्ध्या चेहऱ्यावर उजेड, शर्टाची कॉलर दुमडलेली.

"सात महिन्यांनी तिची गाठ परत आली," तो पडद्यावरून सांगत होता. "आम्ही पुन्हा तीच प्रार्थना केली. म्हणजे, पहिल्यापेक्षा जास्तच केली. ती गेली." तो खोकला, डोळे पुसले, पुढचं विसरला, पुन्हा सुरू झाला. "एक बाई आमच्याकडे आल्या होत्या. त्यांची मुलगी गेली होती. माझं काय चुकलं, विचारत होत्या. बाई, तुम्ही बघत असाल तर, तुमचं काही चुकलं नव्हतं. हे तिला स्वतः सांगायचं होतं. देव का देत नाही, ते तिला माहीत नव्हतं. मलाही नाही. पण ती शेवटपर्यंत त्याच्याशी बोलत होती. भांडतसुद्धा होती. एवढंच."

पडदा काळा झाला. एरवी या वेळी पाळक पुढे येऊन म्हणत, ज्यांना बरं व्हायचंय त्यांनी पुढे या. ते उठले, माइकपाशी गेले, पण त्यांनी कुणाला पुढे बोलावलं नाही. पहिल्या रांगेतलं कुणीतरी हुंदका देत होतं.

"मी माझ्या ताईसाठी एकोणीस दिवस उपास केला," शेवटी ते म्हणाले. "मला ती हवी होती. मला मिळाली नाही. हे तुम्हाला कळलं तर तुम्ही उठून जाल, असं मला वाटत होतं."

कुणीही उठून गेलं नाही. कात्री प्रोजेक्टरशेजारून एकेक चेहरा शोधत होता. ती बाई आली नव्हती. येणार तरी कशी, तिला कळवायचं कुठं?

म्हणून त्यानं चाळीसही मंडळ्यांना कळवलं, जुनी फिल्म बंद करा, नवी घेऊन मी स्वतः येतो. अकरा जणांनी उलट कळवलं की आम्हाला जुनीच बरी, ही काही ख्रिस्ती वाटत नाही. बाकीच्या ठिकाणी तो अजून जातो. फिल्म लावतो आणि मागं उभा राहून बायकांचे चेहरे बघतो. ती बाई अजून सापडलेली नाही. दुसऱ्या पुष्कळ येतात, त्याचा हात धरतात आणि आपापल्या गेलेल्या माणसांची नावं सांगतात. तो ऐकून घेतो.

आणि प्रत्येक सभागृहात, दिवे लागल्यावर, कुणी ना कुणी एक प्रश्न विचारतंच. एवढं सांगायचं होतं तर ताईंनी स्वतः का नाही सांगितलं?

"ती सांगणार होती," कात्री सगळ्यांदेखत म्हणतो. "तीनदा तयार होऊन खिडकीत बसली होती. मीच कॅमेरा लावला नाही."