साठ फुटी चिमणी

मित्रांनो, माझ्या अंगावर एकशे ऐंशी रेघा आहेत. त्यातल्या तीस-चाळीस पुसट झाल्या आहेत आणि एक कोपरा जळून काळा पडला आहे. मी सागवानी लाकडाचा जुना कोनमापक आहे. तुमच्या कंपासपेटीतला पारदर्शक, तळहातावर मावणारा नव्हे. मास्तर एका हाताने फळ्यावर दाबून धरायचे आणि दुसऱ्या हाताने खडू चालवायचे, तो हातभर लांबीचा.

माझा जन्म १९७१ साली यवतमाळच्या एका सुताराकडे झाला. त्याने आधी दोरीने अर्धवर्तुळ आखले, मग करवत चालवली. रेघा पाडायला त्याला तीन दिवस लागले. शेवटची रेघ पहिलीच्या बरोबर समोर आली तेव्हा तो स्वतःशीच हसला, एवढे मला आठवते. पुढच्या आठवड्यात मी एसटीच्या टपावरून उमरखेडच्या शाळेत पोहोचलो.

तिथे नरहर सर गणित शिकवत. ते उत्तर सांगत नसत. कागदाचा त्रिकोण कापायला लावत, त्याचे तिन्ही कोपरे फाडून शेजारी शेजारी ठेवायला सांगत आणि विचारत, "काय दिसते?" तिन्ही कोपऱ्यांची मिळून सरळ रेघ झालेली असे. मुले दुसरा त्रिकोण कापत, वेडावाकडा, मुद्दाम. पुन्हा सरळच रेघ. मग सर मला फळ्यावर ठेवत आणि म्हणत, "आता याला विचारा." त्या काळी माझा फार मान होता. मला भिंतीवर स्वतंत्र खिळा होता.

एकदा सरांनी माझ्या पाठीवर शाईने एक कोडे लिहिले: 'माझ्या गोल कडेवर कुठेही उभे राहा. माझ्या दोन्ही टोकांकडे पाहा. मधला कोन किती? जागा बदला. पुन्हा पाहा.' कितीतरी वर्गांनी ते सोडवले.

१९९८ साली सर निवृत्त झाले. शाळेत प्लॅस्टिकचा नवा संच आला. माझ्या सरळ कडेच्या मधोमध बसवलेली लाकडी मूठ निखळली होती. तिथे नुसते भोक उरले. मला कोठीत मोडक्या बाकांखाली ठेवले आणि मी सात वर्षे तिथेच पडून राहिलो. वर खडखडाट ऐकू येई, मुलांच्या पायांचा. मला वाटे, आत्ता कुणीतरी दार उघडेल. दार उघडे, पण झाडूसाठी.

२००५ साली कोठी रिकामी केली. मोडके लाकूड शाळेत झाडलोट करणाऱ्या इंदूबाईला सरपणासाठी मिळाले. त्या भाऱ्यात मीही होतो.

इंदूबाईचे घर गावाबाहेरच्या जिनाच्या आवारात, मजुरांच्या चाळीत होते. जिन म्हणजे कापसातली सरकी वेगळी करण्याचा कारखाना. तिचा नवरा बबनराव तिथे वीस वर्षे मशीनवर होता. पण त्या वर्षांत कापसाची दशा वाईट होती. भाव पडले, गाड्या येईनाशा झाल्या, आणि जिनाच्या मालकाने कुलूप लावून गाव सोडले. आता बबनराव दुसऱ्यांच्या शेतात रोजाने जाई. कारखान्याची ओळख म्हणून उभी होती ती फक्त विटांची उंच चिमणी. सगळे तिला 'साठ फुटी चिमणी' म्हणत.

त्या दिवशी संध्याकाळी इंदूबाईने मला चुलीत सरकवले. माझा एक कोपरा पेटला. तेवढ्यात तिची नववीतली मुलगी खुशी पाण्याची कळशी घेऊन आत आली, आणि तिने मला ओढून पाण्यात बुडवले.

"अवं, काय करून राह्यली?" इंदूबाई म्हणाली.

"याच्यावर आकडे हायेत, माय. अन् मागं काहीतरी लिवलं हाय."

इंदूबाईने मला पदराने पुसले, अक्षराकडे पाहिले. "नरहर सरांचं असन हे. मी शाळेत लागली तवा तेच होते." मग तिने दुसरे लाकूड चुलीत घातले.

खुशीच्या वर्गाला जूनपासून गणिताला शिक्षकच नव्हते. तिने माझ्या पाठीवरचे कोडे वाचले आणि मला जमिनीवर उलटे ठेवले. कोळशाने माझा आकार आखला. माझ्या दोन टोकांना दोन खडे ठेवले, गोल कडेवर एक बोट टेकवले आणि तिथून दोन्ही खड्यांपर्यंत आईच्या शिवणाचा दोरा ताणला. मधला कोन मला उचलून माझ्यावरच मोजला. नव्वद. बोट सरकवले. नव्वद. अगदी टोकाजवळ नेले, तिथे कोन बारीक होईल अशी तिची खात्री होती. पुन्हा नव्वद.

तिने बोट पुन्हा कडेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवले. मित्रांनो, मी चौतीस वर्षे अर्धवर्तुळ होतो, पण इतके लक्ष देऊन माझ्याकडे क्वचितच कुणी पाहिले असेल.

त्यानंतर तिला सवयच लागली. मला एका टोकाभोवती थोडे थोडे फिरवून ती फरशीवर फुले काढी. तीस अंशांनी फिरवले तर बारा पाकळ्या, चाळीसने फिरवले तर नऊ. पन्नासने फिरवले तेव्हा फूल एका फेरीत मिटलेच नाही. पाच फेऱ्या मारल्यावर कुठे पहिली पाकळी सापडली, आणि इंदूबाईने सगळी फरशी पुन्हा पुसून काढली. मग तिला वेगळाच नाद लागला. तिने शंभर सेंटिमीटरची आडवी रेघ काढली आणि तिच्या टोकाशी वेगवेगळे कोन धरून वर किती उंची येते ते मोजले. तीस अंशाला अठ्ठावन्न. साठ अंशाला एकशे त्र्याहत्तर. पंचेचाळीसला बरोबर शंभर, जेवढे आडवे तेवढेच उभे. वहीच्या मागच्या पानावर तिने सगळे आकडे उतरवले. या तक्त्याला काही नाव असते, हे तिला ठाऊक नव्हते.

एका रविवारी ती वही आणि मला घेऊन नरहर सरांच्या घरी गेली. सर आता सत्तरीकडे झुकले होते. त्यांनी आधी माझ्या जळक्या कोपऱ्यावरून बोट फिरवले. मग वही पाहिली.

"हे कुठल्या पुस्तकातून घेतलंस?"

"नाही सर. फरशीवर मोजलं."

"याला टॅन्जंटचा तक्ता म्हणतात. पुढच्या वर्षी दहावीला तुला हा छापील मिळेल. पण तुझा हा मोजलेला आहे, तो जपून ठेव. आता फरशीवरून उठ आणि बाहेर काहीतरी मोज."

बाहेर म्हटल्यावर एकच गोष्ट डोळ्यांत भरत होती. खुशीने माझ्या मुठीच्या भोकातून दोरा ओवला आणि खाली दगड बांधला. माझी सरळ कड वर, गोल भाग खाली. त्या कडेवरून समोर सरळ पाहिले की दोरा नव्वदवर लोंबे. वर पाहिले की दोरा सरके. जितका सरकला तितका नजरेचा कोन. ती रस्त्याच्या बाजूने चिमणीचे टोक पाहत मागे मागे गेली आणि दोरा पंचेचाळीस अंश सरकताच थांबली. मग पायांपासून चिमणीच्या बुडापर्यंत टेप लावला, बुडाची अर्धी जाडी त्यात मिळवली. सत्त्याहत्तर फूट.

तिने पुन्हा मोजले. सत्त्याहत्तरच. साठ फुटी चिमणी सत्त्याहत्तर फुटांची निघाली होती.

ही गोष्ट गंमत म्हणूनच संपली असती. पण दसऱ्यानंतर जिनाची जागा विकली गेली आणि चिमणी पाडायला पंजाबराव नावाचा कंत्राटदार आला. रस्त्याकडे विजेच्या तारा होत्या, दुसरीकडे गोदाम होते. म्हणून चिमणी चाळीकडच्या मैदानात आडवी पाडायची असे त्याने ठरवले. चाळीतल्या पाच घरांना त्याने सांगितले, "सोमवारी सकाळी घंटाभर बाहेर उभे राहा. धूळ बसली की या परत. सामान हलवाची गरज नाही. चिमणी साठ फूट, तुमची भिंत अडुसष्ट फुटांवर."

खुशी वडिलांकडे गेली. "बाबा, ते साठ फूट नाही. आपल्या घरावर येते ते."

"सारे साठ फुटी म्हणतेत, पोरी. तो माणूस तीस वर्षं हेच काम करून राह्यला. तू कायले डोकं लावतं त्याच्यात?"

"मी मोजलं ना."

बबनरावने तिच्याकडे पाहिले. तो फारसा शिकलेला नव्हता आणि मोठ्या माणसासमोर बोलायचा त्याला संकोच वाटे. तरी त्याने चपला घातल्या. "चाल," तो म्हणाला.

पंजाबराव मैदानात चुन्याने खुणा करत होता. त्याने सगळे ऐकून घेतले आणि मला उलटसुलट करून पाहिले. "या फळकुटानं?"

खुशीला आकडे सांगायचे होते. पण तिने वही उघडली नाही. ती म्हणाली, "काका, तुम्हीच पाहा. आमच्या भिंतीले पाठ लावून उभे राहा. इथून दोरा पंचेचाळीसच्या आत राह्यला तर चिमणी इथवर येत नाही. पंचेचाळीसच्या पुढं गेला तर येते."

"काहून?"

तिने जमिनीवरचा वर्तमानपत्राचा कागद उचलला, त्याचा चौकोन केला आणि कोपऱ्याला कोपरा जुळवून दुमडला. "हे पाहा. आडवी बाजू अन् उभी बाजू सारखी. तवाच हा कोन पंचेचाळीस होते. उभी जास्त झाली तर कोन वाढते."

पंजाबरावने कागद दोनदा उघडला, दोनदा मिटला. मग तो चाळीच्या भिंतीला टेकला आणि त्याने मला डोळ्याशी धरले. त्याचा हात खडबडीत होता, पण स्थिर होता. चिमणीचे टोक माझ्या कडेवर आले. दगड हलायचा थांबला.

"बबनराव, वाचा किती हाय ते."

बबनरावने वाकून रेघा मोजल्या, एकेक, बोट लावून. "नव्वदपासून अठ्ठेचाळीस सरकला."

पंजाबरावने मला खाली घेतले, दोरा झटकला, पुन्हा डोळ्याशी धरले. पुन्हा अठ्ठेचाळीस. त्याने मागे वळून भिंतीकडे पाहिले. खिडकीत इंदूबाई तांदूळ निवडत होती.

"सोमवारचं रद्द," तो आपल्या माणसांना म्हणाला. "पाडायची नाही. वरून एकेक वीट काढू." मग खुशीकडे न पाहताच बोलला, "मी कुणाले विचारलंच नाही. साठ फुटी म्हणतेत, म्हणून साठ धरले."

चिमणी उतरवायला सव्वा महिना लागला, आणि त्या कामावर बबनरावलाही घेतले. तो रोज संध्याकाळी किती थर काढले ते सांगे आणि खुशी वहीत रेघा ओढी. चार थरांचा एक फूट होत होता. शहाऐंशी थर उतरल्यावर काजळीखालची वीट एकदम बदलली. खालची वीट जुनी, चांगल्या दर्जाची निघाली. म्हणजे वरचा भाग कधीतरी नंतर चढवला होता. खालचे थर मोजले, ते दोनशे चाळीस निघाले. बरोबर साठ फूट. चिमणी खरोखरच साठ फुटी होती, मित्रांनो, पण फार पूर्वी. ती वाढली आणि नाव तेच राहिले.

सगळे खूश होते, खुशी सोडून. दोनशे चाळीस आणि शहाऐंशी म्हणजे तीनशे सव्वीस थर. साडेएक्याऐंशी फूट. तिचे उत्तर सत्त्याहत्तर होते. साडेचार फूट गेले कुठे? तिने टेप तपासला. माझ्या रेघा तपासल्या. मलाही अपराधी वाटू लागले. वाटले, जळल्यामुळे मी वाकडा तर झालो नाही?

शेवटी ती सरांकडे गेली. सरांनी वही पाहिली आणि नेहमीप्रमाणे उत्तर दिले नाही.

"मोजताना कोनमापक कुठे होता?"

"माह्या हातात."

"आणि हात?"

"डोळ्याजवळ." ती बोलता बोलता थांबली. मग भिंतीजवळ जाऊन ताठ उभी राहिली आणि तिने सरांना टेप दिला. सरांनी जमिनीपासून तिच्या डोळ्यापर्यंत मोजले. साडेचार फूट. तिने जमिनीपासून नव्हे, स्वतःच्या डोळ्यापासून वरची चिमणी मोजली होती. खुशी इतकी हसली की सरही हसू लागले. बरोबर उत्तरासाठी इतके हसताना मी कुणाला पाहिलेले नव्हते. हे तर चुकलेले होते.

आज खुशी फुलसावंगीच्या शाळेत गणित शिकवते. मी तिच्या वर्गात असतो. पुसट रेघा मुले दर वर्षी पेनाने पुन्हा ओढतात, थोड्या वाकड्या, आणि मला ते आवडते. कपाटात काचेमागे ठेवलेल्या वस्तूला कुणी प्रश्न विचारत नाही. म्हणून माझी विनंती एवढीच आहे की वस्तू जपा, पण वापरून जपा. माझ्यासारखे कुणी तुमच्या शाळेच्या कोठीत पडले असेल तर त्याला उजेडात आणा, आणि त्याच्या उत्तरावर लगेच विश्वास ठेवू नका. पुन्हा मोजा.

काल सहावीतल्या भैरवीने हात वर केला. "मॅडम, वर पाहून उंची कळते. मंग खाली पाहून विहिरीची खोली कळन का?"

खुशीने उत्तर दिले नाही. ती म्हणाली, "उद्या सगळे मिळून जाऊ. कठड्याच्या अलीकडेच उभं राहायचं."

आयुष्यभर मी वरच पाहिले आहे. खाली पाहिले की काय होते, मलाही माहीत नाही. रात्रीपासून मी उत्सुक आहे. तेवढा माझा दोरा नवा बांधा, मित्रांनो, आणि विहिरीवर मला दोन्ही हातांनी धरा.