मी मागच्या हौद्यात होतो

मी एक लोखंडी दांडा आहे. हातभर लांब, रंग उडालेला, एका टोकाला जरासा वाकलेला. कुणीही मला पाहून कुंपणाचा तुटका तुकडा समजेल आणि त्याचा मला राग येणार नाही. अमेरिकेतल्या आमच्या नॉर्थ डाकोटातली माणसंही अशीच असतात. वरून बघून काही पत्ता लागत नाही.

माझं काम मात्र साधं नाही. पिकअप ट्रकमागे चाकांवरचं घर जोडून लोक फिरायला निघतात, त्या घराला ट्रेलर म्हणतात. आडवा वारा सुटला किंवा शेजारून एखादा अजस्र मालट्रक सुसाट गेला, की ट्रेलरचं मागचं टोक डावी-उजवीकडे झुलू लागतं. हा झोका वेळीच आवरला नाही तर वाढत जातो. मग ओढणारा कोण आणि ओढला जाणारा कोण, हेच कळेनासं होतं. मी ट्रक आणि ट्रेलरच्या मध्ये तिरका बसतो. माझ्या पोटात एक सरकती पट्टी आहे आणि तिला दाबून धरणारं ब्रेक-लायनर आहे. वरचं हँडल आवळलं की पट्टी जड जाते आणि झोका सुरू होतानाच मरतो.

माझी एकच अडचण. गाडी मागे घेताना मला काढून ठेवावं लागतं, नाहीतर मी वाकतो. काढणं फार सोपं, दोन खिट्ट्या ओढल्या की मी हातात. परत लावणंही तितकंच सोपं. म्हणूनच ते राहून जातं.

मला विकत घेतलं व्हर्लिन हॉगनने. गव्हाची शेती करणारा उंच, अबोल माणूस. पहिल्याच उन्हाळ्यात त्याने मला न काढता ट्रेलर मागे घेतला आणि माझं टोक वाकवलं. त्याची बायको आर्डिस खाली उतरून बघत राहिली आणि म्हणाली, "बरं झालं, आता आपला दांडा ओळखू तरी येईल." तेव्हापासून गाडी वीतभर जरी मागे घ्यायची असली, तरी व्हर्लिन आधी मला काढायचा.

ट्रेलर घेतला होता तो आर्डिससाठी. तिचा सगळा जन्म सपाट माळावर गेला होता. तिला एकदा समुद्र बघायचा होता. "एवढं पाणी एका जागी राहतं तरी कसं, ते बघायचंय मला," असं ती म्हणायची. व्हर्लिन म्हणायचा, "यंदा कापणी होऊ दे." कापणी व्हायची, मग काहीतरी मोडायचं, मग बर्फ पडायचं. आम्ही जवळच्या तळ्यांपर्यंत जाऊन मासे खाऊन परत यायचो.

त्या वर्षांत सामान लावायचं काम आर्डिसचं. डबे, पाण्याचे कॅन, बिडाचा तवा, जे जड ते सगळं चाकांच्या पुढे. पांघरुणं, टोप्या, कागदी ताटल्या मागे. ट्रेलरचं नाक जड असलं तर तो मुकाट मागून येतो, शेपूट जड झालं की नाचायला लागतो. व्हर्लिनने हे तिला एकदाच सांगितलं होतं. त्यानंतर तीच त्याला सांगायची.

आणि एका वर्षी, मुलाने शेती हातात घेतल्यावर, आम्ही खरंच समुद्राकडे निघालो.

इथे मला या लोकांची एक रीत सांगायला हवी. कुणी काही देऊ केलं तर ही माणसं दोनदा नको म्हणतात आणि तिसऱ्यांदा घेतात. कॉफीचा दुसरा कप असो नाहीतर नांगर, नियम तोच. पहिल्या हाकेला हो म्हणणारा हावरट ठरतो. आणि तिसऱ्यांदा न विचारणाऱ्याला मुळात द्यायचंच नव्हतं, असं धरतात.

जेम्सटाउनला आर्डिसच्या बहिणीकडे, लाव्हॉनकडे, आम्ही जेवायला थांबलो. तिची मुलगी ऑरेगनला समुद्राजवळ राहते. लाव्हॉनने आईचं जुनं पायाचं शिलाई मशीन बाहेर काढून ठेवलं होतं.

"वाटेवरच तर आहे तुमच्या. पोरीला तेवढं पोचतं करा."

"अगं, जागा कुठे आहे?" आर्डिस म्हणाली.

"जागेला काय झालंय? केवढं घर आहे तुमचं!"

"जड आहे गं ते."

"म्हणूनच तर पार्सलने पाठवत नाही ना! न्या गं."

तिसऱ्यांदा विचारून झालं होतं. आर्डिस म्हणाली, "बरं, बघू." मशीन बिडाचं, अंगाने आडदांड. मागच्या दारातून चढलं आणि अरुंद बोळकांडीत अडलं. "राहू दे इथेच," आर्डिस व्हर्लिनला म्हणाली, "मुक्कामाला पोचलो की पुढे सरकवू." लाव्हॉन बघत उभी होती, म्हणून व्हर्लिननेही मान हलवली.

ट्रेलरचं नाक हलकं झालेलं मला ताबडतोब जाणवलं. दिवसभर मी दात-ओठ खाऊन धरून ठेवलं. व्हर्लिनच्या लक्षातही आलं नाही, याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

डिकिन्सनला आम्ही डिझेल भरायला थांबलो. समोरून गुरांचा ट्रेलर लावलेला एक पिकअप आला आणि दोघे तोंडासमोर तोंड करून अडकले. त्या गाडीतून गॉर्डी नावाचा गलेलठ्ठ माणूस डोकावला.

"मी घेतो मागे," गॉर्डी म्हणाला.

"छे छे, तुमच्याकडे गुरं आहेत. मी घेतो."

"तुम्ही आधी आलात की!"

"आलो म्हणून काय झालं?"

या भांडणात व्हर्लिन जिंकला. खाली उतरून त्याने मला काढलं, पिकअपच्या मागच्या उघड्या हौद्यात मासेमारीच्या काठ्यांशेजारी ठेवलं आणि गाडी मागे घेतली. गॉर्डी आभार मानायला खिडकीशी आला. मग निघालं की गॉर्डीची मावशी आमच्याच चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. मग पावसाचं झालं, गव्हाचं झालं, गुडघ्यांचं झालं. "चला, निघायला हवं," असं दोघंही म्हणायचे आणि नवा विषय काढायचे. शेवटी गॉर्डीने टपावर थाप मारली आणि खुशीत असलेला व्हर्लिन शीळ घालत निघाला.

मी मागच्या हौद्यात होतो.

मला ओरडता येत नाही. आलं असतं तर सगळ्या डिकिन्सनला ऐकू गेलं असतं.

मेडोराच्या अलीकडे माळ संपतो आणि रस्ता एकदम खाली उतरतो. त्या दिवशी दक्षिणेचा वारा होता. उताराला लागलो आणि शेजारून एक मालट्रक गेला. ट्रेलरचं शेपूट आधी थोडं हललं, मग जास्त. अशा वेळी पाय सगळ्या पेडलांवरून काढायचा असतो, स्टिअरिंग सरळ धरायचं असतं आणि डॅशबोर्डखालची कळ दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे असतात. व्हर्लिनला हे माहीत होतं. पण आर्डिस किंचाळली आणि त्याचा पाय ब्रेकवर गेला. ट्रक थबकला, ट्रेलर थबकला नाही.

मी हौद्यातून उडून गवतात पडलो. ट्रेलर आडवा झाला होता, भिंत फाटली होती आणि शिलाई मशीन तेवढं रस्त्याकडेला शाबूत उभं होतं. आर्डिसच्या खांद्याचं हाड मोडलं. व्हर्लिनला खरचटलंसुद्धा नाही, आणि ते त्याला फार लागलं.

पोलिसाने मला उचललं. "हा तुमचाच का?"

"माझाच," व्हर्लिन म्हणाला आणि त्याने मला पटकन सीटखाली सरकवलं.

"मागे जड काय ठेवलं होतं?"

स्ट्रेचरवरून आर्डिस म्हणाली, "मशीन. मी ठेवायला सांगितलं. माझी चूक."

व्हर्लिन काही बोलला नाही. ते बोलणं पुढे वर्षानुवर्षं राहूनच गेलं. चर्चमध्ये कॉफीच्या वेळी कुणी अपघाताचा विषय काढला की आर्डिस म्हणायची, "माझ्या मशीनमुळे झालं सगळं," आणि व्हर्लिन कपात बघत बसायचा. मशीन वाईटच होतं, मी नाही म्हणत नाही. पण मी जागेवर असतो तर धरून ठेवलं असतं. धरलंच होतं की डिकिन्सनपर्यंत! गराजमध्ये खिळ्याला टांगलेला मी रोज हेच घोकायचो. ऐकणार कोण? खाली गवत कापायचं मशीन आणि एक फुटकी बादली.

व्हर्लिनने एकदा तिला विचारलं, "दुसरा ट्रेलर बघू का?" ती म्हणाली, "नको." पुढच्या वसंतात परत विचारलं. "राहू दे रे, काय करायचाय?" नंतर त्याचे डोळे अधू होत गेले. मग गाडी चालवणं सुटलं, मग शेतावरचं घरही सोडायचं ठरलं. सामान विकायला त्यांनी गराजसमोर टेबलं मांडली.

कोल आणि ब्रिना नावाचं एक तरुण जोडपं आलं. त्यांनी जुना ट्रेलर घेतला होता. कोलने मला खिळ्यावरून काढलं. "आजोबा, हे काय आहे?"

व्हर्लिनने मला हातात घेतलं. डोळ्यांनी नाही, वाकलेल्या टोकावरून त्याने मला ओळखलं. "हा ट्रेलरला झुलू देत नाही. गाडी मागे घेताना काढायचा, आणि मग..." तो थांबला. "आणि मग परत लावायचा. मी एकदा लावला नव्हता."

पलीकडे आर्डिस कपबश्या पुसत होती. ती म्हणाली, "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"डिकिन्सनला. आरशात दिसलं होतं. दांडा हौद्यात टाकलास आणि त्या गॉर्डीशी बोलत बसलास."

"मग बोलली का नाहीस, बाई?"

"तो माणूस खिडकीत उभा होता ना! त्याच्यासमोर तुला काय सांगू, विसरलास म्हणून? म्हटलं, आठवेल तुझं तुला. मग तू शीळ घालायला लागलास. किती दिवसांनी घालत होतास."

"आणि इतकी वर्षं ते मशीन, मशीन करत राहिलीस?"

"लोक विचारायचे. तुझं नाव कशाला घेऊ?"

व्हर्लिन खुर्चीत बसला. मी त्याच्या मांडीवर होतो. "मला वाटलं, तुला खरंच तसं वाटतंय. खरं सांगायची माझी छाती झाली नाही. ट्रेलर घेऊ का म्हटलं, तर तूच नको म्हणालीस."

"नको म्हणाले," आर्डिस म्हणाली, "पण तू दोनदाच विचारलंस, व्हर्लिन."

कोल बिचारा जमिनीकडे बघत होता. मी लोखंड आहे, मला रडता येत नाही, पण त्या दोघांची मला फार दया आली. एकमेकांना जपण्यात त्यांनी केवढं घालवलं!

आर्डिसने मला उचलून ब्रिनाच्या हातात दिलं. पैसे घेतले नाहीत. "हे बघ पोरी, हा लावायचा राहिला असं दिसलं ना, की ओरडायचं. समोर पाद्री उभा असला तरी ओरडायचं. नवऱ्याची लाज वगैरे बघायची नाही."

ब्रिनाने ते मनावर घेतलं. परवा एका पेट्रोल पंपावर दहा माणसांत ती कोलवर खेकसली, "दांडा कोण लावणार, तुझे वडील?" इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

आता मी ऑरेगनच्या किनाऱ्यावर आहे. ट्रेलर पाण्याकडे तोंड करून उभा आहे आणि खाऱ्या वाऱ्याने माझ्या हँडलला गंज धरू लागला आहे. ज्याला समुद्राशी काही देणंघेणं नाही, त्या लोखंडाला समुद्र दिसला. जमलं तर मला थोडं तेल लावा, एवढंच मागणं.

काल संध्याकाळी ब्रिनाने आर्डिसला फोन लावला आणि फोन लाटांकडे धरला. पलीकडून आर्डिस म्हणाली, "व्हर्लिन, इकडे ये. ऐक." मग दोघं लाटा ऐकत राहिले.

शेवटी ती ब्रिनाला म्हणाली, "वारा फार दिसतोय गं तिथे. निघताना दांडा नीट आवळा."