चीफने पाठवलेलं लक्ष्य

रॉयस टिडवेलला गावात सगळे ‘चीफ’ म्हणायचे आणि मेला ते ऐकून फुगायचा. लष्कराच्या छावणीत हेलिकॉप्टर चालवायला शिकवून निवृत्त झालेला माणूस, त्याच्यासमोर आमचा पाद्रीसुद्धा हळू बोलायचा. टायरच्या एका बंद दुकानात त्याने खोट्या हेलिकॉप्टरांचा क्लब काढला होता. खुर्च्या, दांडे, पडदे सगळं खऱ्यासारखं, फक्त पाय जमिनीवर. अलाबामातले बाकीचे लोक शनिवारी मासे धरायला जातात, आमची मंडळी तिथे बसून रणगाडे फोडायची.

माझा नवरा डॉयल त्याच छावणीत मेकॅनिक होता. जन्म गेला हेलिकॉप्टरच्या पोटाखाली उताणं पडून. उडवायला कधी मिळालं नाही, डोळे पहिल्यापासून अधू. आता तर नजरेच्या मधोमध डाग धरला होता आणि डॉक्टरने सांगून टाकलं होतं की पुढच्या वर्षी पडद्यावरचं काहीही दिसणार नाही. वसंतात विमानांच्या संग्रहालयात सामने होतात. क्लबच्या संघातून तिथे एकदा बसायचं, एवढंच त्याला हवं होतं. एकदाच.

डोळ्यांचं त्याने चीफला स्वतःच सांगितलं. “बारीक काही दिसत नाही मला, चीफ. पण तुम्ही पाठवाल ते लक्ष्य मी चुकवणार नाही.”

चीफने त्याच्या खांद्यावर हात टाकला. “काळजी कशाला करतोस गड्या? तुझे डोळे मी.”

मी तिथेच कॉफी ओतत होते. मला केवढं बरं वाटलं! म्हटलं, माणूस नाही, देवमाणूस आहे. काय कप्पाळ!

तो खेळ असा असतो. एका हेलिकॉप्टरच्या डोक्यावर रडार असतं. ते टेकडीआडून नुसतं डोकं वर काढतं, पलीकडच्या गाड्या टिपतं आणि त्यातली एक निवडून तिचा ठावठिकाणा दुसऱ्या हेलिकॉप्टरच्या पडद्यावर पाठवतं. दुसरं आपलं टेकडीमागे दडलेलं. ते काही न बघता तिथूनच क्षेपणास्त्र सोडतं. रडारला चाकं कळतात, रणगाड्याचे पट्टे कळतात, पण गाडी आपली की शत्रूची हे त्याच्या बापालाही कळत नाही. म्हणून रडारवाल्याने आपल्या माणसांभोवती आधी चौकट आखायची आणि तीही पाठवायची. चौकटीतल्याला हात लावायचा नाही.

चीफचा नियम कडक होता. ज्याने आपलीच गाडी फोडली त्याने कानावरचा हेडसेट काढून दारामागच्या खिळ्याला अडकवायचा आणि पुन्हा खुर्चीत बसायचं नाही. आणि चीफने पाठवलेल्या लक्ष्यावर प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. एकाने एकदा विचारलं होतं, “नक्की शत्रूच ना, चीफ?” तेव्हापासून सगळे त्याला ‘आईला विचारून आलास का रे’ म्हणून पिडायचे. शेवटी तो यायचाच बंद झाला.

घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आमचा सराव चालायचा. डॉयल बटणं दाबायचा आणि पडद्यावरची चिन्हं मी त्याला वाचून दाखवायचे. हे चाकांचं, हे पट्ट्यांचं, ही चौकट. शाळेच्या कॅन्टीनमध्ये जन्मभर सूप आणि बटाटे ढवळलेली बाई मी, पण वाचून वाचून मलाच सगळं पाठ झालं.

संघात घ्यायचं की नाही, त्या डॉयलच्या परीक्षेचा शनिवार आला. चीफ मला म्हणाला, “मिस व्हर्ना, माणूस कमी आहे. आपल्या बाजूच्या गाड्यांचा ताफा तेवढा तुम्ही चालवा.” मी कोपऱ्यातल्या मशीनवर बसले. रडार चीफकडे, क्षेपणास्त्रं डॉयलकडे. मी माझे ट्रक घेऊन पुलावर चढले आणि पडदा पांढराफटक झाला. मला वाटलं, मशीन बिघडलं.

डॉयलने उत्साहाने विचारलं, “लागलं?”

“लागलं की!” चीफचा चमचा लॅमर खिंकाळला. “बायकोच उडवलीस, डॉयल! घटस्फोटाच्या वकिलाचा खर्च वाचला!”

सगळे पोट धरधरून हसले. चीफ तेवढा हसला नाही. त्याने तोंड पाडलं. “मी पुलापलीकडचा रणगाडा पाठवला होता रे. तू भलतंच निवडलंस.”

डॉयलचा चेहरा उतरला. “माझे डोळे, चीफ. माझीच चूक.”

माझं डोकं सणकलं. “निवडलं? चीफ, तुम्ही एक पाठवलंत की त्याच्यासमोर एकच येतं. निवडायला काय तो भाजीबाजार आहे? आणि माझ्या ट्रकांभोवतीची चौकट कुठे गेली?”

“आता कॅन्टीनमध्ये रडारही शिकवतात वाटतं,” चीफ म्हणाला. पुन्हा हशा.

“गप्प बस, व्हर्ना,” डॉयल म्हणाला. “चीफ असं करणार नाहीत.”

तो उठला आणि दारामागची भिंत चाचपायला लागला. खिळा काही सापडेना. हेडसेट हातातून निसटला, त्यानेच वाकून शोधून उचलला. लॅमर तोंडावर हात धरून हसत होता. मग चीफ पुढे झाला, त्याने डॉयलचं मनगट धरलं आणि अगदी मायेने खिळ्यापर्यंत नेलं. डॉयल त्याला म्हणाला, “थँक्यू, चीफ.”

गाडीत बसताना मला चीफचा आवाज ऐकू आला. तो लॅमरला सांगत होता, “ग्रीसवाल्याला संघात घेऊन करायचं काय? त्याच्याकडून नटबोल्ट आवळून घेऊ?” डॉयल तेव्हा खिशात चष्मा शोधत होता. त्याने ऐकलं नाही. घरी जाऊन मी सांगितलं तर माझ्यावरच चिडला. “चुकलो मी, तर तू चीफला कशाला बोल लावतेस?” त्यानंतर त्याने टेबलावरचं मशीन झाकून ठेवलं आणि नुसता ओसरीवर बसून राहायला लागला. मला रात्ररात्र वाटायचं, त्या रॉयसचा गळा दाबावा.

सामने जवळ आले आणि संघातला रडारवाला पोरीच्या लग्नाला निघून गेला. आता चीफ आमच्या दारात. “मिस व्हर्ना, रडार वाचणारं तुमच्यासारखं दुसरं कोणी नाही. येता का?” लाज म्हणून नाही मेल्याला! आणि डॉयल? त्याला केवढा आनंद झाला. “जा व्हर्ना, चीफ स्वतः बोलवायला आलेत. आपल्या घरातलं कोणीतरी बसेल तिथे.”

मी गेले. सरावात मी गरीब गाय होते. हो चीफ, बरं चीफ. आमचं हेलिकॉप्टर लॅमर चालवायचा, रडार माझ्याकडे आणि दुसऱ्या हेलिकॉप्टरातून क्षेपणास्त्रं सोडायला चीफ. चौकटी अशा आखायचे की लॅमरसुद्धा ‘वा’ म्हणाला. त्या लॅमरला तरी कळायच्या. चीफ माझ्या चौकटीकडे बघतच नसे. लक्ष्य आलं की सोडलं. त्याने दुसऱ्यांना प्रश्न विचारू दिला नव्हता, मग स्वतः कसा विचारील?

संग्रहालयाचा हॉल गच्च भरला होता. खुर्च्या मंचावर आणि वर भिंतभर पडदा, त्यात सगळ्यांना सगळं दिसत होतं. पहिल्या रांगेत डॉयल इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवर उकडलेल्या शेंगांची पिशवी घेऊन बसला होता. त्याला पडद्यावरचा आता नुसता उजेड-अंधार कळायचा. लॅमरने आमचं हेलिकॉप्टर टेकडीआडून वर काढलं आणि रडारमध्ये सगळं दिसलं. ओढ्याकाठी शत्रूचे रणगाडे, रस्त्याने येणारी आपल्या जखमींची गाडी. मी चौकट आखली नाही. जखमींची गाडी निवडली आणि पाठवून दिली.

लॅमरच्या लक्षात आलं. “अहो बाई, ती...”

तोवर चीफने सोडलं होतं.

मोठ्या पडद्यावर लाल क्रॉसची गाडी पेटली. हॉलमधले कर्णे दणाणले आणि मग कोणाचा श्वाससुद्धा ऐकू येईना. चीफ उठून उभा राहिला, हेडसेट हातात, तोंड उघडं, आवाज बसलेला. “मिस व्हर्ना, तुम्ही काय पाठवलंत?”

“मी रणगाडा पाठवला होता, चीफ,” मी मंचावरच्या सगळ्यांना तेवढं ऐकू जाईल असं म्हटलं. “तुम्ही भलतंच निवडलंत.”

त्याची नजर मंचावर फिरली. त्या शनिवारी हसलेले सगळे तिथेच बसले होते. मी हेडसेट ठेवला आणि खाली डॉयलजवळ येऊन बसले. खोटं का बोलू, मला आनंद झाला होता.

डॉयलने माझा हात घट्ट धरला. “केवढा आवाज झाला! चीफचं लागलं ना?”

“लागलं,” मी म्हटलं.

“बरोबर लागलं?”

“मी पाठवलं होतं ना, अगदी त्याच्यावरच.”

त्याचा चेहरा उजळला. शेंगांची पिशवी मांडीवरून खाली गेली, त्याचं भान त्याला नव्हतं. तो उभा राहिला आणि त्या चिडीचूप हॉलमध्ये एकटाच टाळ्या वाजवायला लागला. “शाब्बास, चीफ! शाब्बास!”

चीफ मंचावरून आमच्याकडे बघत होता. त्याला वाटलं, डॉयल सूड उगवतोय. त्याची मान खाली गेली.

डॉयल थोडा थांबला, कानोसा घेतला आणि माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, “व्हर्ना, बाकीचे का गं वाजवत नाहीत?”

मला रडू फुटलं. पण मी त्याला म्हटलं, “तू वाजव रे. जोरात वाजव.”