पाठीमागच्या जाळीवरचा पंखा

एका लोखंडी पेटीत चार पंखे होते. एक प्रोसेसरच्या डोक्यावर, एक वीजपुरवठ्याच्या डब्यात, एक नवाकोरा पुढच्या जाळीमागे आणि चौथा पाठीमागच्या जाळीला, चारपैकी तीनच स्क्रू उरलेला. मित्रांनो, तो चौथा मी. डेस्कटॉप संगणकाचा एक जुना पंखा, तळहाताएवढा, सात पात्यांचा.

मी कुठल्या कारखान्यात घडलो ते मला ठाऊक नाही. माझ्या चौकटीच्या कडेवर एक बारीक बाण कोरलेला आहे. वारा कोणत्या दिशेला जाणार ते तो सांगतो. माझा बाण पेटीच्या बाहेर रोखलेला होता. आतली तापलेली हवा बाहेर टाकायची, एवढेच माझे काम. दैवशालाताईने बियाण्याच्या कंपनीतली नोकरी सोडून राजूरला लग्नांच्या व्हिडिओंचा स्टुडिओ काढला, तेव्हापासून मी ते करत आलो. "आवाज बिलकुल न्हाई मशीनचा," असे ती गिऱ्हाइकांना सांगायची. ते कौतुक मी माझ्याकडे घेत असे.

पुढे माझ्या पात्यांवर धूळ साचली. आवाज नसलेल्या गोष्टीकडे कोण बघणार? या मे महिन्यात मात्र व्हिडिओ तयार होता होता संगणक मध्येच बंद पडू लागला. व्हिडिओ साहेबरावांच्या मुलीच्या लग्नाचा होता. शुक्रवारी ते स्वतः आले.

"ताई, पोरगी रविवारी पुण्याला चालली. उद्या संध्याकाळपर्यंत झालं तर ठीक, न्हाई तर शूटिंगचं कार्ड वापस द्या. जालन्यात करून घेतो."

कार्ड गेले असते, तर त्यांच्या भावकीतली पुढची लग्नेही गेली असती. स्टुडिओ त्या लग्नांवरच चालणार होता.

ताईचा मोठा भाऊ कल्याण दुसऱ्या दिवशी सकाळी नवा पंखा घेऊन आला. तो त्याने पुढे बसवला आणि मलाही काढून उलटा लावला.

"गार हवा आत गेली पाहिजे. दोन-दोन कूलर लावले तुझ्या मशीनला. आता हुडहुडी भरंल त्याला."

माझा बाण आता आत वळला होता. मी जीव तोडून फिरलो. पुढून वारा येत होता, मागून मी आणत होतो, आणि गरम हवा आतल्या आत घुमत होती. प्रोसेसर शंभर अंशांवर गेला. पडदा काळा झाला.

"मंग हे गेलंच समज," कल्याण म्हणाला. "कंपनीवाले अजून इचारून राह्यलेत तुला. जाय परत."

तेवढ्यात आई, उषाबाई, चहा घेऊन आत आल्या आणि दारातच थांबल्या.

"काय गं, खिडकी लावून कूलर लावला? जीव घाबरा होऊन राह्यला इथं. हवेला जायला जागा तर ठेव."

त्यांनी खिडकी उघडली. थोड्या वेळात खोलीतला कोंदटपणा गेला. ताईने खिडकीकडे पाहिले, मग माझ्याकडे. तिने गणपतीच्या फोटोपुढची उदबत्ती उचलली, संगणक पुन्हा सुरू केला आणि धूर पुढच्या जाळीपाशी धरला. तो आत गेला. माझ्यापाशी धरला. तोही आत गेला.

"दादा, बघ. दोन्हीकडून आतच. बाहेर कुठून जाईल?"

कल्याणने वाकून पाहिले. "म्हणजे कूलर बराबर लावले मी."

"कूलर बराबर लावले. खिडकी लावून टाकली."

"मी लावलेले स्क्रू तरी ऱ्हाऊ दे," तो म्हणाला आणि चहाला वळला.

ताईने संगणक बंद केला. माझी पाती बोटाने धरून ब्रशने धूळ काढली, बाण बाहेर करून मला बसवले, चौथा स्क्रूही लावला. पेटी भिंतीपासून वीतभर पुढे ओढली. मग तिने व्हिडिओ पहिल्यापासून तयार करायला लावला.

मित्रांनो, तुमच्या संगणकातही माझ्यासारखा कुणीतरी फिरत असेल. त्याला अधूनमधून धुळीतून मोकळे करा. पेटी भिंतीला चिकटवू नका. आणि नवा पंखा आणण्याआधी जुन्याचा बाण कुठे वळला आहे तेवढे पाहा.

शनिवारी दिवेलागणीला व्हिडिओ पूर्ण झाला. खोलीत चौतीस अंश होते, प्रोसेसरवर एकाहत्तर.