कुपीतलं तेल

दुसऱ्यांदा तेच झालं, तेव्हा ज्योत्स्नाचा शेषरावकाकांवरचा संशय पक्का झाला. तिच्या राजापेठेतल्या गॅरेजमधून दुरुस्त होऊन गेलेलं मोर्शीच्या ट्रॅक्टरचं इंजिन पुन्हा अडकलं होतं. व्हॉल्वची दांडी गाइडच्या नळीत कोरडी घासून जाम झाली होती. इंजिनाचं हेड जोडताना काका मुद्दाम तेल लावायचं टाळत असणार. वडिलांच्या मागे गॅरेज तिच्या हाती आलं, हे या जुन्या फिटरला रुचलंच नव्हतं, असं तिला वाटे.

पुढचं हेड जोडायला घेतलं तशी ती शेजारी जाऊन उभी राहिली.

"काहून उभी हायेस, पोरी? भरोसा नाही काय माह्यावर?"

काकांनी कुपीतलं तेल प्रत्येक दांडीला चोळलं, गाइडमध्ये सोडलं, व्हॉल्व फिरवून बसवले. चूक कुठेच नव्हती. तरी ते चहाला गेल्यावर तिने एक व्हॉल्व काढून पाहिला. तेल पातळ लागलं आणि डिझेलचा वास आला. कुपीतही तोच वास! असं तेल दांडीवर टिकणार कसं?

काका परतताच ती कडाडली, "तेलात डिझेल काहून मिसळलं?"

त्यांनी कुपी नाकाशी धरली. धरूनच राहिले.

"मले कायचाच वास येत नाही, पोरी. तापातून उठलो तवापासून. पार्ट धुवायच्या डिझेलच्या डब्यातलंच भरलं असन म्या. तुले सांगतलं असतं, तं तू मले घरी बसवलं असतं."

ज्योत्स्नाने कुपी रिकामी करून ताजं तेल भरलं आणि दोघं मिळून व्हॉल्व पुन्हा काढू लागली.