मी छातीतला पांढरा ठिपका

मी एक जुना ठिपका आहे, मित्रांनो. ज्वारीच्या दाण्याएवढा, दगडासारखा टणक. साखरा गावच्या दीपमालाबाईंच्या उजव्या फुप्फुसात राहतो आणि सध्या भयंकर चिडलेलो आहे!

बाई लहान असताना त्यांच्या छातीत टीबीचे जंतू शिरले होते. शरीराने त्यांना घेरलं आणि भोवती चुन्याची भिंत बांधली. ती भिंत म्हणजे मी. तीस वर्षं गप्प बसलो. कधी दुखलो नाही. शाबासकी सोडाच, मी आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

मागच्या महिन्यात बाई जवळच्या गोरेगावच्या जीपमधून उतरताना पडल्या. बरगडी दुखत होती म्हणून हिंगोलीत स्कॅन काढला. बरगडी शाबूत निघाली, पण रिपोर्टात मी सापडलो. झालं! टीबीच्या धास्तीने घरात बाईंचं ताट वेगळं, पेला वेगळा. त्यातच भावाच्या लेकीचं बारसं आलं.

"कानात कुर्र करायचं म्हंजी तोंड पार जवळ न्यावं लागतंय," शेजारच्या पंचफुलाकाकू म्हणाल्या.

"अक्का, औंदा लेकराची मावशी ठेवंल नाव," भाऊ वैजनाथ खाली बघत म्हणाला.

"मावशी काहून? आत्या मेली व्हय रे?" बाई कडाडल्या. मग पदराने तोंड झाकून ओसरीच्या टोकाला जाऊन बसल्या.

मला असा राग आला! पण ठिपक्याला कुठे ओरडता येतं?

दुसऱ्या दिवशी बाई भावाला ओढतच डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. त्यांनी थुंकी तपासायला घेतली आणि जुना एक्स-रे मागितला. होता की! चार वर्षांपूर्वी न्यूमोनियाच्या वेळी काढलेला. घरी फुटक्या खिडकीला लावलेला. म्हणजे चार वर्षं मी खिडकीत उभा आणि एकानेही नीट पाहिलं नाही! वैजनाथने तो काढून आणला. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही फोटो ताडून पाहिले. मी तेवढाच, तिथेच. थुंकीही साफ निघाली.

"हा बऱ्या झालेल्या जखमेचा वण आहे. यातून कुणाला रोग लागत नाही," त्या म्हणाल्या. "ताट वेगळं करायला कुणी सांगितलं?"

वैजनाथने घरी येताच अक्काचं ताट पुन्हा सगळ्यांच्या ताटांत ठेवलं.

मित्रांनो, सगळेच ठिपके माझ्यासारखे साधे नसतात, मान्य. म्हणूनच डॉक्टरांना विचारा, जुने फोटो जपा. पण विचारण्याआधीच माणसाला कोपऱ्यात काहून बसवता?

बारशाला बाई पाळण्यावर वाकल्या. मोठ्ठा श्वास घेतला, तसा मीही वर उचलला गेलो. "कुर्रर्र... प्रतीक्षा!" बायकांनी पाठीत धपाटे घातले, सगळ्यांत जोराचा पंचफुलाकाकूंनी. आणि प्रतीक्षाने असं भोकाड पसरलं की माझी खात्रीच पटली, पोरीची फुप्फुसं एकदम ठणठणीत आहेत!