बोळातली पावलं

आमच्या घरात नवरा गेला की बाईनं वर्षभर कोपरा धरायचा, अशी रीत. ही रीत कुणी काढली ठाऊक नाही, पण काढणारा पुरुष असणार यात मला शंका नाही. एका खोलीत तो स्वतः बसला असता तर आठव्या दिवशी रीत मोडीत निघाली असती.

माझी धाकटी जाऊ गोजर एकोणीस वर्षांची होती. निजामाचं राज्य जायला अजून दहा-बारा वर्षं बाकी होती, त्या साली भादव्यात पटकी आली आणि माझे दीर धर्मराज दोन दिवसांत गेले. तेराव्यानंतर गोजरला मागच्या खोलीत बसवलं आणि दाराला बाहेरून कडी घातली. पहाटे झुंजुमुंजू व्हायच्या आत तिला परसात नेऊन आणायचं आणि दोन वेळा भाकरी द्यायची, हे माझं काम.

खरं सांगते, मला तिची कीव यायला हवी होती, पण मला राग यायचा. दोघींचं काम माझ्या एकटीवर पडलं होतं. चूल, दळण, गोठा, वर हिची भाकरी. मनात म्हणायची, बरी आहे बाई, आयती बसून खाते.

सासूबाईंना, म्हणजे साळूबाईंना, आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांचं तर या रितीवरून नाक वर असायचं. धर्मराज पाळण्यात असताना सासरे गेले, तेव्हा त्याच खोलीत त्यांनी वर्ष काढलेलं. वर्ष सरलं तरी त्या पायी घराबाहेर पडल्या नाहीत. लग्नकार्याला जाणं झालंच तर बैल जुंपून पडदा लावलेल्या दमणीतून. चारचौघींत सांगायच्या, "बावीस वर्सं झाली. माझं पाऊल गावानं पाह्यलं न्हाई." आणि ऐकणाऱ्या बाया माना डोलवायच्या.

त्या खोलीला एकच झरोका होता, वीतभर उंचीचा. मागच्या बोळात दरसाल मुरूम पडून बोळ उंच झालेला, त्यामुळं आतून छातीशी असलेला झरोका बाहेरून जमिनीलगत यायचा. त्यातून आभाळ दिसायचं नाही, माणसंही दिसायची नाहीत. दिसायची फक्त पावलं. कुंभार पिंपळगावच्या आठवडी बाजाराला जायची वाट त्याच बोळातून होती.

थंडी पडली तेव्हा मी तिला शेगडी दिली. चार दिवसांनी भाकरी घेऊन गेले तर भिंतीवर कोळशानं काढलेले पाय.

"हे काय गं?"

"पाय हायेत, अक्का."

"ते दिसून राह्यलं मला. कुणाचे?"

तिनं बोट फिरवून सांगितलं. फुटलेल्या टाचांचे ते बांगड्यावाल्या कमरबीचे. एक पाय आत वळलेला तो रखमाजीचा. एकमेकांना खेटून चालणारे ते नव्या नवरीचे. ओळखू येत होते, अगदी बराबर. तीन महिने मुकी झालेली पोर घडाघडा बोलत होती, आणि मी भाकरी हातात धरून ऐकत उभी राहिले.

मग कोपऱ्यात आणखी एक जोडी दिसली. बोटांवर जोडव्यांचे वळ तेवढे फिके सोडले होते.

"हे माझे," ती म्हणाली. "आधी त्यायचे काढाया बसले व्हते. आठवंचनात, अक्का. तीन वर्सं त्या पायांवर पानी घातलं, अन् बोटं कशी व्हती ते आठवंना. मंग लई रडले. पन त्यायच्यासाठी न्हाई. मनात आलं, माझे पाय काढाया कुनी बसलं तर कुनाला आठवतील? मंग मीच काढले."

त्या दिवसापासून तिला झोप लागू लागली. त्याआधी ती रात्रभर भिंतीला पाठ लावून बसायची, हे मला तेव्हा कळलं. विचारलंच कधी होतं मी?

बातमी फोडली कमरबीनं. झरोक्याशी काहीतरी हलताना दिसलं म्हणून ती टोपली टेकून खाली बसली, आत डोकावली आणि म्हणाली, "अगे मा! ये तो मेरे पावां हैं!" मग काय, बाजाराच्या दिवशी बायांच्या पायांत काटे रुतायला लागले. त्या बोळात एवढे काटे उभ्या जन्मात नव्हते. काटा काढायच्या निमित्तानं बाई खाली बसायची, झरोक्यातून गेरूचा खडा नाहीतर निळीची पुडी आत सरकवायची आणि म्हणायची, माझेबी काढ.

पाय काढून होईपर्यंत थांबावं लागायचं आणि थांबलेली बाई बोलतेच. तोंड दिसत नसलं की मनातलं बाहेर पडतं. नंदाबाईचं लेकरू दगावल्याला वर्ष झालं होतं, ती कुणाजवळ अवाक्षर काढायची नाही. ती झरोक्याशी सगळ्यांत जास्त वेळ बसायची. गोजरनं तिच्या पावलांशेजारी दोन इवलाली पावलं काढली, तेव्हा नंदाबाई बोळात बसून हमसाहमशी रडली आणि उठताना म्हणाली, "बरं वाटलं गं माय."

कडी लावलेली बाई गोजर, पण गावाची सुखदुःखं तिला ठाऊक. उघड्या घरात फिरणाऱ्या मला काहीच ठाऊक नव्हतं.

एक दिवस तिनं माझे पाय दाखवले. बोटं जमिनीत रोवलेली, टाचा अधांतरी.

"असे कुठंयत माझे पाय?"

"अक्का, तुमी टाच टेकवतच न्हाई. सारख्या पळत असता."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं असतं तर हसले असते, पण ते खरं होतं. कोंडून घातलेली पोर मला सांगत होती की तुझी धड एका जागी उभी राहायची सोय नाही. त्याच संध्याकाळी मी आत्याबाईंना सगळं सांगून टाकलं. चुगलीच केली, दुसरा शब्द नाही.

सकाळी आत्याबाई स्वतः आल्या. माझ्या हातात पांढऱ्या मातीची बादली आणि पोतेरं, त्यांच्या हातात चिखलाचा गोळा.

"तुळजे, भितं पोतारून टाक. अन् ह्ये भोक मी लिंपते."

अजून सात महिने उरले होते. झरोका लिंपला की खोलीत दिवसाही हात दिसला नसता. गोजर रडली नाही. तिनं माझं मनगट धरलं.

"चित्रं पुसा, अक्का. समदी पुसा. झरोका तेवढा ऱ्हाऊ द्या."

आग मीच लावली होती. लाजेनं मला तिच्याकडं बघवेना.

उघड्या दारातून उजेड आला होता. कुठून पोतारायचं ते दाखवायला आत्याबाई भिंतीजवळ गेल्या आणि थबकल्या. "ही कमरबी," त्या पुटपुटल्या. "हा रखमाजी... ही नंदा व्हय?" त्यांचं बोट एकेका पावलावरून सरकत भिंतीच्या टोकाला गेलं, परत मागं आलं. पुन्हा एकदा तसंच. गेरूचे, निळीचे, कोळशाचे, पन्नासेक जोड तरी असतील.

"अन् मी कुठंय?"

गोजरनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"इचारलं म्या. घरातली मोठी मी. मी कुठंय?"

"आत्याबाई," ती हळू म्हणाली, "तुमचे पाय म्या बोळात कधी पाह्यलेच न्हाईत."

टोमणा नव्हता त्यात. आत्याबाईंनी मान खाली घालून स्वतःच्या पायांकडं पाहिलं आणि लुगड्याचा काठ ओढून ते झाकले. मग चिखलाचा गोळा तिथंच ठेवून त्या निघून गेल्या. मला वाटलं, माझ्या नवऱ्याला हाक मारायला गेल्या, आता काही खरं नाही. पण मागच्या दाराचा अडसर वाजला.

थोड्या वेळानं झरोक्यात दोन पावलं येऊन उभी राहिली. पिठासारखी पांढरी, मऊ, कुठं भेग नाही की घट्टा नाही.

"दिसले का गं?" वरून आवाज आला.

"दिसले."

"मंग काढ."

गोजरनं कोळसा उचलला. "हलू नका ना, आत्याबाई."

"मी कुठं हलून राह्यले?" पण पावलं एका जागी ठरत नव्हती. "बावीस वर्सांनी आले. कोन्या अंगाला जावं, ते समजंना गं गोजर."

पाच महिन्यांत त्यांनी तिला नावानं हाक मारली नव्हती. गोजरनं कोळसा खाली ठेवला आणि दाराकडं वळली. दारात मी होते, बादली घेऊन. तिनं माझ्याकडं पाहिलं.

मी दोन्ही टाचा जमिनीला टेकवल्या आणि बाजूला झाले.

ती गेली. मी झरोक्याशी डोळा लावला. आता तिथं चार पावलं होती. दोन पांढरी, आणि दोन जोडव्यांचे वळ असलेली. ती एकमेकांकडं वळली, जवळ आली आणि बराच वेळ तशीच राहिली. मग आत्याबाईंचा आवाज आला.

"तुळजे, आत एकली काय करून राह्यली? ये की."

बादली तिथंच ठेवून मी निघाले, पण पळत नाही.